युआनशियाओ: वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचे कंदील, कोडी आणि तिळाचे गोळे

चिनी कंदील-उत्सव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशात सोडलेले शेकडो दिवे येतात. ते चित्र एकतर तैवानमधल्या पिंगशी या डोंगरी भागातलं असतं, नाहीतर थायलंडच्या चियांग माईचं. चियांग माईचा सण तर वेगळाच, तो आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला येतो. खुद्द चीनमध्ये युआनशियाओच्या रात्री कंदील उडवण्यापेक्षा टांगण्याची, हातात धरून मिरवण्याची आणि त्यांवर चिकटवलेली कोडी सोडवण्याची रीत मोठी आहे. घरच्या घरी ही रात्र करायची तर तीन गोष्टी लागतात: वाडगाभर तांगयुआन (तिळाचं सारण भरलेले चिकट तांदळाचे गोळे), निदान एक कंदील आणि डझनभर कोडी. तिन्ही इथे क्रमाने येतील. आधी तारीख.

चिनी चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्याचा पंधरावा दिवस म्हणजे युआनशियाओ. 'युआन' म्हणजे पहिला, 'शियाओ' म्हणजे रात्र. नव्या वर्षाचा सोहळा पहिल्या दिवशी सुरू होतो आणि या रात्री संपतो. चिनी महिना आपल्या महाराष्ट्रातल्यासारखाच अमावास्येपासून मोजतात, त्यामुळे कालनिर्णय हाताशी असलं की अर्धं काम होतं. बहुतेक वर्षी ही आपली माघी पौर्णिमा असते. 2025 मध्ये 12 फेब्रुवारीला दोन्ही एकाच दिवशी आल्या. 2026 मध्ये मात्र हा सण 3 मार्चला, म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेला, ऐन होळीच्या दिवसांत आला. चिनी पंचांगाने आपला अधिक महिना 2025 मध्येच घालून टाकला होता आणि आपला अधिक ज्येष्ठ 2026 च्या मे महिन्यापर्यंत यायचा होता, म्हणून हे अंतर पडलं. माघी पौर्णिमा डोळे झाकून धरली की अशा वर्षी फसगत होते.

दुसरी गफलत एका दिवसाची. चिनी गणतीत तिथीची वृद्धी नाही आणि क्षयही नाही. ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तो पहिला दिवस, मग सरळ मोजत पंधरावा. चंद्र त्या रात्री पूर्ण असेलच असं नाही. 'पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल' अशी तिकडे म्हणच आहे. 2027 मध्ये सण 20 फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेलाच आहे. 2028 मध्ये तो 9 फेब्रुवारीला येतो आणि माघी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी. सण 9 लाच करायचा.

हे आलं कुठून

उगमाच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. हान राजवंशाच्या काळातला इतिहासकार सिमा चियान याच्या ग्रंथात हान दरबार वर्षाच्या पहिल्या महिन्यात ताइयी या देवतेची संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पूजा करी, असा उल्लेख आहे. ती पूजा पंधराव्या रात्रीची होती असं तिथे म्हटलेलं नाही, हा दुवा नंतरच्या लेखकांनी जोडला. दुसरी परंपरा सांगते की इसवी सनाच्या पहिल्या शतकात हान सम्राट मिंगने बुद्धासाठी या रात्री दिवे लावायला लावले. ताओ पंथीयांच्या लेखी वर्षात तीन 'युआन' आहेत: पहिल्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याची पंधरावी. त्यांतली पहिली, शांगयुआन, ही स्वर्गाच्या अधिपतीची. म्हणून सणाचं दुसरं नाव शांगयुआन.

लोककथा याहून रंगतदार. एका कथेत स्वर्गाचा राजा जेड सम्राट याचा लाडका पक्षी गावकऱ्यांच्या हातून मरतो. सम्राट चिडून पंधराव्या रात्री गाव जाळायचं ठरवतो. गावकरी आधीच इतके लाल कंदील लावतात आणि फटाके वाजवतात की वरून पाहणाऱ्याला गाव जळतंच आहे असं वाटावं. दुसरीत युआनशियाओ नावाची राजवाड्यातली दासी घरच्यांच्या आठवणीने झुरते आणि हान दरबारातला चतुर दोंगफांग शुओ अशीच आगीची भीती घालून सगळं शहर रस्त्यावर आणतो, म्हणजे गर्दीत तिची आईबापांशी भेट व्हावी. मुलांना सांगायला ही दुसरी कथा बरी, कारण तिच्यात ती दासी तांगयुआन वळण्यात तरबेज असते आणि पुढचं स्वयंपाकघरातलं काम तिच्या नावाने सुरू करता येतं.

पक्कं म्हणावं असं जे आहे ते तांग राजवंशाच्या काळापासूनचं. राजधानी चांगआनमध्ये एरवी रात्री संचारबंदी असे. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आगेमागे तीन रात्री ती उठत असे. या सणाची खरी मजा इथे आहे: वर्षभर अंधार पडला की दारं लावणाऱ्या शहराला तीन रात्री बाहेर फिरायची मुभा, बायकामुलांसकट. 713 साली राजवाड्याच्या दारासमोर वीस 'झांग' उंचीचं, म्हणजे आजच्या हिशेबाने साठ मीटरच्या आसपास, पन्नास हजार दिव्यांचं कंदील-चक्र उभं केल्याची नोंद आहे. सोंग सम्राटाने 967 मध्ये तीनच्या पाच रात्री केल्या, मिंग काळात दहा दिवसांची सुट्टी झाली. 2008 मध्ये चीनने हा सण राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातला.

तांगयुआन

उकडीचे मोदक येत असतील तर निम्मी कला हातात आहे. फसवणारी गोष्ट एकच: पीठ. मोदकाची पिठी इथे चालत नाही, मग ती आंबेमोहोराची असो की बासमतीची. तांगयुआनला चिकट तांदळाचं पीठ लागतं. त्या तांदळात जवळजवळ सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन प्रकारचा असतो, म्हणून शिजल्यावर पारी ताणली जाते आणि दातांना मऊ पण चिवट लागते. साध्या पिठीचे गोळे उकळत्या पाण्यात फुटतात आणि तळाशी पेज जमते. पाकिटावर 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' लिहिलेलं पाहून घ्या. नाव तसं असलं तरी त्यात ग्लूटेन नसतं. शेजारच्या पाकिटावर नुसतं 'राइस फ्लोअर' असेल तर ते नको. दोन्ही दिसायला सारखीच पांढरी असतात.

तयार पीठ मिळत नसेल तर आसामचा बोरा चाऊल हा चिकट तांदूळच आहे. तो रात्रभर भिजवून, पाणी घालून मिक्सरवर गंधासारखा वाटायचा आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखा सुती फडक्यात टांगायचा. वर वजन ठेवलं तर पाच-सहा तासांत पाणी निघून मळता येईल असा गोळा उरतो. दक्षिण चीनमधली जुनी पद्धत हीच, फक्त मिक्सरच्या जागी दगडी जातं. असं पीठ कोरड्या दळणापेक्षा कितीतरी मुलायम लागतं.

चौघांसाठी 24 गोळे होतील असं प्रमाण:

सारण: काळे तीळ 100 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, घट्ट तूप 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ.
पारी: चिकट तांदळाचं पीठ 200 ग्रॅम, कोमट पाणी 150 ते 165 मिली.
पाक: पाणी 1 लिटर, गूळ किंवा साखर 80 ग्रॅम, ठेचलेल्या आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा.

निंगबो या चिनी शहराच्या मूळ पद्धतीत तुपाच्या जागी डुकराची चरबी असते. तुपाने काम भागतं, कारण हवी ती गोष्ट एकच: फ्रीजमध्ये दगड होणारी आणि उकळत्या पाण्यात वितळून ओघळणारी चरबी. पातळ तेलाने सारण कधीच वळलं जाणार नाही.

तीळ आदल्या दिवशी भाजा. काळे तीळ करपले तरी रंगावरून कळत नाहीत, म्हणून त्यांत चमचाभर पांढरे तीळ टाका आणि नजर त्यांच्यावर ठेवा. ते बदामी झाले आणि तडतड मंदावली की उतरवा. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं लागतात. एक चिमूट बोटांत चुरडून पाहा, सहज भुगा झाला तर भाजणी बरोबर. करपलेल्या तिळाचा कडवटपणा कितीही साखर घातली तरी जात नाही, तेव्हा ते टाकून नव्याने भाजायचे. तीळ पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवून बारीक करा, साखर, मीठ आणि तूप घालून मळा, तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मग 8 ग्रॅमचे गोळे वळून अर्धा तास फ्रीझरमध्ये. सारण गोठलेलं नसेल तर पारी बंद करताना कडेला लागतं, आणि तूप लागलेली कड कधी चिकटत नाही. उकळताना काळं पाणी होतं ते यामुळेच.

पारीत ग्लूटेन नसल्याने नुसतं मळून ती जुळून येत नाही, वळताना कडा फाटतात. त्यावरचा उपाय आपल्या उकडीचा भाऊच म्हणायचा. पिठात थोडं थोडं कोमट पाणी घालून गोळा करा. त्यातला लिंबाएवढा तुकडा काढा, चपटा करा, उकळत्या पाण्यात टाका. तो वर तरंगला की उचलून गरम असतानाच उरलेल्या पिठात मळून टाका. शिजलेला तुकडा सगळं पीठ धरून ठेवतो. मळलेलं पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ असावं. छोटी गोळी दाबून पाहा: कडेला भेगा पडल्या तर चमचाभर पाणी कमी आहे, बोटांना लागून ओढली गेली तर चमचाभर पीठ. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, हे पीठ पंख्याखाली पाच मिनिटांत सुकतं.

साधारण 15 ग्रॅमचा गोळा घ्या, अंगठ्याने खळगा करा, सारण ठेवा आणि कडा वर ओढत बंद करा. मुखऱ्या पाडायच्या नाहीत. बंद करताना आतली हवा बोटांनी दाबून बाहेर काढायची. आत हवा राहिली तर ती गरम होऊन फुगते आणि गोळा शिवणीवर फुटतो. मग तळहातांमध्ये हलक्या हाताने गोल करा.

रुंद पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. गोळे एकेक करून कडेने सोडा आणि लगेच डावाच्या पाठीने तळाशी एकाच दिशेने हळू ढवळा, नाहीतर खाली चिकटतील. आच मध्यम करा. चार-पाच मिनिटांत ते वर येतात. आता अर्धी वाटी गार पाणी घाला, पुन्हा उकळी येऊ द्या, आणि हे आणखी एकदा करा. गार पाण्याने बाहेरचा थर विरघळत नाही आणि आतलं सारण तोवर वितळतं. खळखळत्या पाण्यातच शेवटपर्यंत ठेवले तर एकमेकांवर आपटून फुटतात. दुसऱ्या पातेल्यात आलं आणि गूळ उकळून ठेवलेला असतो, त्यात गोळे उचलून घाला. शांघाय आणि आसपासच्या भागात पाकात ओस्मँथसची सुकी फुलं किंवा आंबवलेला गोड भात घालतात. तिथे मांसाचं खारं सारण भरलेले तांगयुआनही असतात, ते आकाराने मोठे आणि शेंड्याला टोक काढलेले.

वाडग्यात सहा गोळे वाढा. चार नको, चिनी भाषेत चार हा आकडा मृत्यूशी मिळत्याजुळत्या उच्चाराचा आहे. खाताना आधी कडेला छोटा चावा घेऊन वाफ जाऊ द्यावी, कारण वरून निवलेल्या गोळ्यात तूप अजून उकळतं असतं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना गोळा अख्खा देऊ नका. हा पदार्थ घशात अडकतो. चार तुकडे करून द्या.

उरलेले कच्चे गोळे ताटात सुटे ठेवून गोठवा, मग डब्यात भरा. शिजवताना वितळवायचे नाहीत, गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाकायचे. फ्रीझरमध्ये उघडे राहिले तर पारीला तडे जातात.

आता नावाचा घोळ. उत्तरेत, बीजिंगकडे, या पदार्थालाही युआनशियाओच म्हणतात आणि तो वळत नाहीत, घोळवतात. सारण घट्ट थापून दीड-दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करतात, ते पाण्यात बुडवून कोरड्या पिठाच्या टोपलीत घोळवतात, परत पाणी, परत पीठ, असं पाच-सात वेळा. घरी हे सुपात छान होतं. पाखडायचं नाही, गोल फिरवायचं. पहिल्या दोन थरांत घाई केली तर पीठ ढलपीसारखं निघून येतं. असे गोळे शिजायला दहा-बारा मिनिटं घेतात आणि पाणी दाट होतं, कारण बाहेरचं कोरडं पीठ त्यात उतरतं. ते दाट पाणीच वाडग्यात घेतात. 1913 च्या सुमाराला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईने हे नाव बंद करून 'तांगयुआन' म्हणायला लावलं, कारण 'युआनशियाओ'चा उच्चार 'युआन संपला' असा ऐकू येई, अशी गोष्ट बीजिंगमध्ये मजेने सांगतात. 'तांगयुआन'च्या उच्चारात 'तुआनयुआन', म्हणजे घरच्यांचं एकत्र येणं, हा शब्द ऐकू येतो. गोल आकाराला मान आहे तो या शब्दामुळे.

फिरता कंदील

दुकानात मिळणारा लाल घडीचा कंदील टांगला तरी सण होतो. पण एक कंदील हाताने करायचाच असेल तर झोउमा-देंग करा, म्हणजे 'धावत्या घोड्यांचा कंदील'. आतली ज्योत हवा तापवते, गरम हवा वर चढताना पात्यांचं चक्र फिरवते आणि चक्राला टांगलेल्या घोड्यांच्या सावल्या कागदावर धावतात. सोंग काळातल्या लेखनात याचे उल्लेख आहेत. आकाशकंदील करणाऱ्या घरात याचं सामान बहुतेक असतंच.

सांगाड्याला बांबूच्या कामट्या: उभ्या चार, 30 सेंमी, आडव्या आठ, 24 सेंमी. सांधे दोऱ्याने करकचून बांधा आणि वर खळ लावलेली पातळ कागदाची पट्टी गुंडाळा. तळाला मधोमध 10 सेंमी रुंदीची प्लायवूडची पट्टी बसवा. तिच्या दोन्ही बाजू उघड्या राहिल्या पाहिजेत, तिथूनच हवा आत येते.

पट्टीच्या मध्यावर भोक पाडून सायकलचा स्पोक खालून वर घाला. त्याचं वाकडं डोकं खाली अडकतं, तिथे एम-सील लावा. वरचं आट्यांचं टोक कानशीने घासून सुईसारखं करा. स्पोक साधारण 27 सेंमी वर यावा आणि ओळंब्यात असावा.

चक्रासाठी हॉटेलातून येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ डब्याचा पत्रा उत्तम: हलका आणि न जळणारा. 16 सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा. मध्ये 3 सेंमीचा गोल अखंड ठेवून कडेपासून आत बारा काप द्या. प्रत्येक पातं एकाच दिशेने, साधारण 30 अंश पिळा. एक जरी उलटं पिळलं गेलं तरी चक्र अडखळतं. पत्रा मऊ असल्याने स्पोकचं टोक त्यातून आरपार जातं, म्हणून मध्यभागी खालच्या बाजूला टिचबटणाचा खळगा असलेला भाग चिकटवा. टोक त्या खळग्यात टेकतं आणि चक्र जवळजवळ घर्षणाशिवाय फिरतं.

चक्राच्या खालच्या बाजूला पातळ तांब्याच्या तारेचे चार हात लावा, मध्यापासून 9 सेंमी लांब, मग 12 सेंमी खाली वळवलेले. आता घोडे चिकटवायची घाई नको. आधी दिवा लावून चक्र कोणत्या दिशेने फिरतं ते पाहा. ते पाहिलं नाही तर घोडे शेपटीकडे धावतात, आणि बघणाऱ्यांना आधी तेच दिसतं. दिशा कळली की काळ्या कार्डशीटचे 10 सेंमी लांबीचे चार घोडे कापून हातांना लावा. समोरासमोरचे घोडे वजनाला सारखे हवेत. चक्र एका बाजूला कलत असेल तर हलक्या घोड्याला मागून कागदाचा तुकडा चिकटवा.

बाहेरून पिवळसर पातळ कागद लावा, कडांना लाल पट्टी. पूर्ण पांढरा कंदील टाळा, चीनमध्ये तो सुतकाच्या घरावर दिसतो. वरची बाजूही कागदाने झाका, पण मध्ये 18 सेंमीचा गोल उघडा ठेवा, म्हणजे गरम हवा चक्रातूनच बाहेर पडेल. पुढचा कागद फक्त वरच्या कामटीला चिकटवा. तोच दिवा लावायचा दरवाजा.

दिवा म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीतली एक टी-लाइट मेणबत्ती, स्पोकपासून 3 सेंमी बाजूला. दोन ठेवल्या तर जोर वाढतो, पण प्रत्येक घोड्याच्या दोन-दोन सावल्या पडतात. एलईडी दिव्यावर हा कंदील फिरत नाही, त्यातून हवा तापवण्याइतकी उष्णता येत नाही. मेणबत्ती नको असेल तर जुन्या पद्धतीचा 15 वॉटचा तारेचा बल्ब लागेल. कंदील दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. पहिलं मिनिटभर काही होत नाही. मग चक्र किंचित दचकतं आणि हळू फिरू लागतं. पेटी चौकोनी असल्यामुळे घोड्याची सावली मध्यावर लहान आणि कोपऱ्याकडे जाताना लांब होते, घोडा उडी मारतोय असं वाटतं.

फिरत नसेल तर या क्रमाने पाहा: स्पोकचं टोक बोथट आहे का, वरच्या कागदाला चक्र घासतंय का, तळ बंद झालाय का, खोलीत पंखा चालू आहे का. गॅलरीत वाऱ्याला ठेवू नका, तिथे तो फिरणार नाही आणि पेटण्याची भीती वेगळी. शेजारी पाण्याची बादली असू द्या आणि जळता कंदील सोडून जेवायला जाऊ नका.

एवढा खटाटोप नको असेल तर जियांगनानकडचा, म्हणजे यांगत्झे नदीच्या दक्षिणेकडचा, ससा-कंदील करावा: बांबूचा सांगाडा, कागदाच्या झालरींची लोकर, खाली चार लाकडी चाकं आणि ओढायला दोरी. त्यात एलईडी चालतो. नानजिंगमध्ये कमळाच्या कंदिलांना मान आहे.

कोडी

लिनआनच्या, म्हणजे आजच्या हांगझोउच्या, सोंग काळातल्या वर्णनात रेशमी कंदिलांवर कविता आणि गूढ ओळी लिहून येणाऱ्याजाणाऱ्यांची फिरकी घेत असल्याचं लिहिलं आहे. आजची कंदील-कोडी तिथूनच. चिनी कोड्याचे तीन भाग: तोंड, म्हणजे ओळ, प्रकार, म्हणजे 'एक अक्षर ओळखा' किंवा 'एक गाव ओळखा' असा इशारा, आणि तळ, म्हणजे उत्तर. तळातला शब्द तोंडात येता कामा नये, आला तर कोडं बाद. या कोड्यांना 'कंदील-वाघ' म्हणतात, कारण सोडवणं वाघाच्या शिकारीइतकं अवघड.

एक जुनं कोडं: 'चितारलं तर गोल, लिहिलं तर चौकोनी, हिवाळ्यात आखूड, उन्हाळ्यात लांब.' उत्तर: सूर्य. चित्रात तो गोल असतो, पण त्याचं चिनी अक्षर चौकटीचं आहे, आणि तेच अक्षर 'दिवस' या अर्थानेही येतं. गंमत अक्षराच्या आकारात आहे, म्हणून चिनी कोडी भाषांतरात मरतात. मराठी मंडळींसाठी मराठीतच रचावीत, अक्षरं काढण्या-घालण्याची. उदाहरणार्थ: 'तीन अक्षरी. पहिलं काढलं तर घाण, मधलं काढलं तर वेदना, सगळं मिळून चिखलातही निर्मळ. प्रकार: एक फूल.' (मळ, कळ, कमळ.)

दहा माणसांना पंधरा-वीस कोडी पुरतात: निम्मी सोपी, दोन-तीन खरोखर वाघ. लाल कागदाच्या 5 बाय 15 सेंमीच्या पट्ट्या, प्रत्येकीवर क्रमांक, उत्तरांची यादी यजमानाकडे. पट्टी कंदिलाच्या खाली दोऱ्याने अडकवा, ज्योतीजवळ नाही. ज्याला उत्तर सुचलं त्याने पट्टी तोडून यजमानाकडे यायचं आणि कानात सांगायचं. मोठ्याने ओरडू दिलं तर एकच हुशार पाहुणा दहा मिनिटांत सगळा बाजार उठवतो. चुकलं तर पट्टी परत टांगायची. बक्षीस लहान असावं: संत्रं, पेन्सिल, तिळाची वडी.

ठिकठिकाणच्या रीती

सेचुआनमधल्या झिगोंगमध्ये 1964 पासून आधुनिक कंदील-मेळा भरतो. तिथले कंदील म्हणजे इमारतीएवढ्या आकृत्या, काही तर चिनी मातीच्या बशा-चमचे बांधून केलेल्या. हबेईतल्या नुआनचुआन गावात लोहार वितळलेलं लोखंड गार भिंतीवर उधळतात आणि ठिणग्यांचं झाड उभं राहतं. फटाके न परवडणाऱ्यांची ही रीत असं सांगतात. तैवानमध्ये 'उत्तरेला आकाशदिवे, दक्षिणेला मधमाश्यांचे बाण' असं बोललं जातं: उत्तरेत पिंगशी, दक्षिणेत यानशुई, जिथे हजारो बाण गर्दीच्या दिशेनेच सुटतात आणि बघे हेल्मेट घालून उभे राहतात. मलेशियातल्या पेनांगमध्ये लग्न न झालेल्या मुली समुद्रात संत्री टाकतात, चांगला नवरा मिळावा म्हणून.

जुन्या बीजिंगमध्ये बायका या रात्री 'शंभर आजार चालून घालवायला' बाहेर पडत, पूल ओलांडत आणि नगरवेशीच्या दारावरचे खिळे हाताने चाचपत. खिळ्याला 'दिंग' म्हणतात, घरातल्या मुलग्यालाही 'दिंग', आणि कंदिलाला 'देंग'. माहेरहून नव्या लग्न झालेल्या मुलीला कंदील पाठवण्याची शीआनकडची रीत या उच्चारांच्या खेळातूनच आली आहे. त्याच भागात मामा भाच्याला दरवर्षी कंदील देतो, भाचा बारा वर्षांचा होईपर्यंत.

आकाशात दिवा सोडण्याचा मोह मात्र आवरावा. पिंगशीत तो पावसाळी डोंगरात, ठरलेल्या जागी सोडतात. आपल्याकडच्या कोरड्या फेब्रुवारीत तो गवताच्या गंजीवर किंवा विजेच्या तारांवर उतरतो. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी उडत्या कंदिलांवर बंदीचा आदेश काढतात.

संध्याकाळचा क्रम असा ठेवा: अंधार पडता पडता कंदील लावायचे, मग कोडी, चंद्र वर आला की तांगयुआन. पाणी कोडी निम्मी सुटल्यावर उकळायला ठेवायचं, कारण शिजलेले गोळे थांबत नाहीत, पंधरा मिनिटांत एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या दिवशी कंदील उतरवून ठेवताना फिरत्या कंदिलातलं चक्र काढून वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पाती पुन्हा पिळत बसावं लागतं.